रेडिओ, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो आणि मागचे स्क्रीन – एकाच सेटवर हे सगळं नीट कसं चालवायचं

प्रश्न थोडक्यात असा होता की नवीन टचस्क्रीन सेट बसवलाय, त्याला एफएम, यूएसबी, ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो (मोबाइलचा नकाशा-गाणी सेटच्या स्क्रीनवर आणायची सोय), एचडीएमआय इनपुट आणि सीटच्या पाठीला दोन स्क्रीन आहेत. पण सोर्स बदलला की आवाज एकदम अंगावर येतो नाहीतर गायबच होतो, पेनड्राइव्हवरचा पिक्चर दिसतो पण आवाज नाही, अँड्रॉइड ऑटो लावलं की मागचे स्क्रीन काळे पडतात, आणि गाणं चालू असताना मधेच दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलचा आवाज घुसतो. सेट खराब आलाय का, बदलून घेऊ का?

नाही, लगेच बदलायला जाऊ नका. मी बरीच वर्षं गाड्यांमध्ये हे सेट बसवतोय आणि बसवल्यावर लोकांना शिकवतोय पण, त्यामुळे सांगतो, तुम्ही लिहिलेल्यापैकी एकही गोष्ट सेटच्या बिघाडासारखी वाटत नाही. अडचण अशी असते की लोक स्क्रीनवरचे आयकॉन पाठ करतात, पण आतमध्ये तीन वेगवेगळे निर्णय चालू असतात ते कुणी सांगत नाही. एक, आत्ता आवाज कुठून येतोय. दोन, तो कुठे चाललाय, पुढच्या स्पीकरला की मागच्या स्क्रीनला की दोन्हीकडे. आणि तीन, मधे घुसायची परवानगी कुणाकुणाला दिलीये. काही बिघडलं की आधी हे तीन स्वतःला विचारा, निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी आवाजाचं घ्या कारण सगळ्यात जास्त वैताग त्याचाच असतो. सोर्स बदलला की आवाज कमीजास्त होतो कारण प्रत्येक सोर्स आत येतानाच वेगळ्या जोराने येतो. एफएम स्टेशनवाले त्यांच्याकडूनच आवाज दाबून, सपाट करून, मोठा करून पाठवतात त्यामुळे रेडिओ नेहमी तगडा वाटतो. पेनड्राइव्हवरची जुनी गाणी त्यामानाने हळू असतात. आणि ब्लूटूथ किंवा ऑक्सला (मोबाइलची वायर लावायचं आवाजाचं भोक) तर दोन व्हॉल्यूम असतात, एक मोबाइलचा आणि एक सेटचा. काही मोबाइल आणि सेटचं आपसात जमतं, म्हणजे एकाचा व्हॉल्यूम फिरवला की दुसऱ्याचाही फिरतो, पण नाही जमलं तर मोबाइल अर्ध्यावर राहतो, तुम्ही सेट ३५ वर नेता, मग रेडिओ लावता आणि सगळ्यांच्या कानठळ्या बसतात.

उपाय सोपाय. गाडी उभी असताना, गाणं चालू ठेवून मोबाइलचा मीडिया व्हॉल्यूम ब्लूटूथसाठी जवळपास फुल करा, ऑक्सची वायर असेल तर फुलच्या एकदोन काड्या खाली ठेवा, ऑक्सला फुल केलं तर बऱ्याच मोबाइलचा आवाज फाटतो. मोबाइलमधला इक्वलायझर, बास बूस्ट वगैरे पूर्ण बंद करा, ते काम सेटला करू द्या, दोन्हीकडे बास वाढवला की बास वाढत नाही फक्त फाटतो. मग सेटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये सोर्स लेव्हल नावाचा पर्याय शोधा, कुठे एसएलए लिहिलेलं असतं, कुठे व्हॉल्यूम ऑफसेट. बऱ्याच सेटमध्ये एफएम हा पाया धरलेला असतो, म्हणजे एफएमला तो पर्याय बदलता येत नाही आणि बाकीचे त्याच्या हिशोबाने वरखाली करायचे. एफएमवर एक आवडेल असा व्हॉल्यूम लावा, त्या आकड्याला हात न लावता यूएसबीवर या, लेव्हल जुळवा, ब्लूटूथवर या, जुळवा, एचडीएमआयवर या, जुळवा. पंधरावीस मिनिटं जातात पण नंतर त्रास नाही.

एक गोष्ट यात हमखास राहून जाते, ती म्हणजे नेव्हिगेशनची बाई आणि कॉल. यांचे व्हॉल्यूम गाण्यापेक्षा वेगळे साठवलेले असतात. ती बोलत असतानाच नॉब फिरवायचा, तेव्हाच तिचा व्हॉल्यूम बदलतो, ती गप्प झाल्यावर फिरवलात तर गाण्याचा बदलेल. कॉलचंही तसंच, कॉल चालू असताना फिरवा. आणि समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय अशी तक्रार असेल तर तुमच्याकडचा कॉलचा व्हॉल्यूम चारपाच आकडे खाली आणून बघा, स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरत असतो, बऱ्याचदा एवढंच कारण निघतं.

आणि हो, सेटच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलंय म्हणून नॉब शेवटापर्यंत न्यायचा नसतो. ते जास्तीत जास्तचे आकडे असतात, आतल्या अँपकडून (अँप्लिफायर) सलग स्वच्छ मिळतात ते साधारण १५ ते २२ वॅट. शेवटच्या टप्प्यात आवाज चिरकायला लागतो तिथे थांबा, तिथून पुढे फक्त स्पीकरची वाट लागते.

आता दुसऱ्याच मोबाइलचा आवाज घुसतोय त्याबद्दल. ब्लूटूथवर मोबाइल जोडला जातो तेव्हा दोन वेगळे रस्ते उघडतात, एक कॉलचा आणि एक गाण्यांचा. घरातल्या तिघांचे मोबाइल सेटला पेअर केलेले असतात, त्यातले दोन एकावेळी जोडले जातात, आणि मागे बसलेल्याने रील उघडली की सेटला वाटतं आता हा गाणं लावतोय, झाला कब्जा. मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावासमोरचं सेटिंग उघडा, बहुतेक अँड्रॉइडमध्ये तिथे कॉल आणि मीडिया असे दोन वेगळे स्विच असतात, ज्याचा फक्त कॉल हवाय त्याचा मीडिया बंद करा. आयफोनमध्ये असा सुटा स्विच मिळत नाही, तिथे सेटच्याच बाजूने बघावं लागतं, कोणता फोन म्युझिकसाठी आणि कोणता कॉलसाठी ते निवडायचा पर्याय बऱ्याच सेटमध्ये असतो. आणि पाहुण्यांचे, मित्रांचे जुने पेअरिंग काढून टाका. काढताना दोन्हीकडून काढायचं, सेटमधूनही आणि मोबाइलमधूनही, एकाच बाजूने काढलं की दुसरी बाजू जुनीच चावी घेऊन दार ठोकत बसते आणि मग जोडलंय जोडलंय म्हणतं पण आवाज नाही असला प्रकार होतो.

वायरने अँड्रॉइड ऑटो लावलं तरी ब्लूटूथ चालूच राहतं, ते बंद करू नका. गाणी आणि नकाशा यूएसबीच्या वायरमधून येतात पण कॉलचा आवाज ब्लूटूथवरूनच जातो. कारप्लेचं (आयफोनचं अँड्रॉइड ऑटोसारखं) उलटं आहे, आयफोन वायरने लावला की त्या फोनचं ब्लूटूथ आपोआप सुटतं, घाबरायचं कारण नाही, कॉल वायरमधूनच येतात. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत ब्लूटूथ फक्त ओळख पटवायला आणि कॉलला, बाकी सगळा माल वायफायवरून. त्यामुळे त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून मागच्या स्क्रीनला नेट द्यायला गेलात तर बरेच मोबाइल अडखळतात, गाणं तुटतं, नकाशा गोठतो. लांबच्या प्रवासात मागे इंटरनेटवरचं काही दाखवायचं असेल तर हॉटस्पॉट दुसऱ्या मोबाइलचा घ्या. आणि वायरवालं ऑटो सारखं तुटत असेल तर आधी वायर बदला मग बाकी सगळं, चार्जिंगपुरत्या असलेल्या वायरी असतात ज्यात डेटाच्या तारा नसतात, आणि डेटाची असली तरी रोज वाकून वाकून टोकाशी खराब झालेली असते. आखूड, चांगली, एक मीटरच्या आतली वायर घ्या.

मागचे स्क्रीन काळे का पडतात हे आता लक्षात येईल. हा दुसरा निर्णय, आवाज आणि चित्र कुठे चाललंय तो. सेटच्या मागे जो रिअर व्हिडिओ आउट असतो, पिवळी आरसीए पिन, त्यावर सगळे सोर्स जात नाहीत. बहुतेक सेटमध्ये डिस्क, यूएसबीवरचा व्हिडिओ आणि एव्ही इनपुट (बाहेरून वायरने आत येणारं चित्र-आवाज) एवढंच मागे जातं. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले मागे जात नाहीत, त्यांची रचनाच चालकासमोरच्या स्क्रीनसाठी आहे. एचडीएमआय कधी जातं कधी नाही, सेटच्या माहितीपुस्तकात रिअर किंवा झोनच्या पानावर तक्ता असतो तो एकदा बघाच, तोच खरा. म्हणजे पुढे ऑटोवर नकाशा आणि मागे पोरांना कार्टून असं हवं असेल तर झोन, म्हणजे पुढचा भाग आणि मागचा भाग, वेगळे करायला लागतात. सेटिंगमध्ये ड्युअल झोन किंवा रिअर सोर्स असा पर्याय असतो, तिथे मागच्यासाठी यूएसबी किंवा एव्ही फिक्स करायचं आणि पुढे ऑटो चालवायचं. पण हे करताना एक नियम लक्षात ठेवा, गाडीचे स्पीकर पुढच्या झोनचे. मागच्या झोनचा आवाज स्पीकरला येत नाही, तो हेडफोनला जातो. बरेच जण झोन चालू करतात आणि मग म्हणतात मागे चित्र आलं पण आवाज गेला. आवाज गेला नाही, हेडफोन लावा.

हेडफोन इन्फ्रारेडवाले असतील तर त्यांच्यावर ए आणि बी असा छोटा स्विच असतो, स्क्रीनवर जे चॅनल निवडलंय तेच हेडफोनवर पाहिजे. दोन्ही स्क्रीनवर वेगळं काही चालू असेल तर एक ए, एक बी. इन्फ्रारेडला समोरासमोर नजर लागते, पोरगं मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागलं की खरखर होणार, कडक ऊन थेट आत येत असेल तरीही होणार.

माझं मत विचाराल तर मागच्या स्क्रीनला सेटच्या भरवशावर ठेवूच नका. मागच्या स्क्रीनना स्वतःचा यूएसबी किंवा स्वतःचं एचडीएमआय असेल तर पेनड्राइव्ह तिथेच लावा आणि पुढचा सेट चालकासाठी मोकळा ठेवा. झोनबिन सगळं ठीक आहे पण चालू गाडीत मागून कुणीतरी पुढचं गाणं लाव म्हणणार आणि चालक मेनूमध्ये शिरणार, हे होतंच.

पिक्चर दिसतो पण आवाज नाही, याचं कारण फाइलच्या आत असतं. व्हिडिओ फाइल म्हणजे नुसती पेटी, एमपी४ किंवा एमकेव्ही हे पेटीचं नाव झालं, आत चित्र एका पद्धतीने दाबलेलं असतं आणि आवाज वेगळ्या पद्धतीने. चित्र एच.२६४ असेल तर जवळजवळ सगळे सेट वाचतात, एच.२६५ असेल तर बरेच सेट फाइल उघडतच नाहीत किंवा अडकत अडकत चालवतात. आवाज एएसी असेल तर काम होतं, पण पिक्चरच्या फाइलमध्ये बऱ्याचदा डॉल्बीचा एसी३ नाहीतर डीटीएस असतो, आणि ते वाचायची सोय सेटवाल्याने दिलेली नसेल तर चित्र चालतं आणि आवाज गप्प. तुमचं नक्की हेच असणार. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये फाइल उघडून कोडेकची (चित्र-आवाज दाबायच्या पद्धतीची) माहिती बघा, लगेच कळेल. मग हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे (गाडीच्या हँडब्रेकशी त्याचा संबंध नाही, हे प्रत्येकाला सांगावं लागतं), त्यात चित्र एच.२६४, ७२०पी आणि आवाज एएसी स्टिरिओ निवडून फाइल नव्याने बनवा. स्टिरिओ मुद्दाम म्हणतोय. ५.१ चॅनलचा, म्हणजे सराउंड आवाज काही सेट दोन चॅनलमध्ये नीट मिसळत नाहीत, संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात ते दबतात, आणि मग मारामारीला आवाज कमी करा, बोलण्याला वाढवा, असं पूर्ण पिक्चरभर चालतं.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, तो सगळीकडे चालतो. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पण ७२०पी ला तेवढी लागतही नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या पेनड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय दिसत नाही म्हणून लोक एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून बसतात आणि सेट म्हणतो नो डिव्हाइस. ३२ चाच घ्या, विषय मिटला. गाण्यांचा क्रम भलताच लागत असेल तर नावापुढे ०१, ०२ असे आकडे टाका, शून्यासकट, नाहीतर १ नंतर १० येतं आणि मग २. काही सेट तर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात, तिथे फॉरमॅट करून क्रमानेच परत कॉपी करावं लागतं. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल पण येतात, सेट त्यांना गाणं समजून अडकतो, त्या काढून टाका. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर सेटमध्ये देवनागरी फाँट नाही, गाणी वाजतील पण नाव वाचता येणार नाही.

एचडीएमआयबद्दल. मोबाइलमधून वायरने चित्र बाहेर काढायचं असेल तर मोबाइलच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर यायची सोय असायला लागते, सगळ्या मोबाइलना ती नसते, अडॅप्टर बदलत बसून काही होत नाही. आवाज येतोय आणि चित्र काळं, तेही फक्त पिक्चर-सिरीजच्या ॲपमध्ये, तर ते कॉपी प्रोटेक्शन आहे, मधल्या अडॅप्टरला किंवा सेटला ते जमत नाहीये. स्ट्रीमिंग स्टिक लावली असेल आणि चित्र लुकलुकत असेल तर स्टिकचं रिझोल्यूशन ऑटोमॅटिकवरून काढून ७२०पी करा, आणि तिला पॉवर सेटच्या यूएसबीमधून न देता वेगळ्या चार्जरवरून द्या. चित्र एचडीएमआयने आणि आवाज ब्लूटूथने असा जुगाड करू नका, ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा पोचतो आणि माणूस बोलून झाल्यावर शब्द ऐकू येतात. ऑक्सला पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली एव्ही वायर लावत असाल तर त्या साडेतीन एमएमच्या चार पट्ट्यांच्या पिनचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, चित्र येत नाही आणि नुसतं घूं घूं वाजतंय म्हणजे वायर चुकीच्या क्रमाची आहे.

आवाजात शिट्टी येते का तेही बघा, तुम्ही लिहिलं नाहीये पण ऑक्स आणि चार्जर एकत्र लावला की येऊ शकते. इंजिनच्या रेसबरोबर शिट्टी वरखाली होत असेल तर ती ऑल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राची. चार्जर काढला की गेली, तर अर्थिंगचा घोळ आहे, ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, बास किंचित पातळ होईल पण शिट्टी जाईल. चार्जर नसतानाही येत असेल तर सेटची काळी वायर बॉडीला नीट घासून, रंग काढून, घट्ट लावलीये का ते फिटिंगवाल्याकडून बघून घ्या. आणि एफएमच खरखरतोय तर आधी स्वस्तातला चार्जर नाहीतर डॅशकॅमचा अडॅप्टर काढून बघा, ते त्याच पट्ट्यात कचरा फेकतात. तरी नाही गेलं तर अँटेनाच्या बूस्टरला १२ व्होल्ट पोचतोय का बघायला सांगा, कंपनीचा सेट काढून बाहेरचा बसवला की बूस्टरला वीज देणारी निळी वायर बऱ्याचदा लोंबकळत राहते.

पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ हँडब्रेक लावल्याशिवाय येत नाही, त्यावर बायपास करून द्या असं बरेच जण सांगतात. मी नाही करून देत. चालकाला दिसेल असा पिक्चर चालू गाडीत लावणं बऱ्याच देशांत बेकायदेशीर आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी डोळा तिकडे जातोच जातो. मागच्या स्क्रीनला हँडब्रेकची अट नसते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. पुढे हँडब्रेक ओढूनही व्हिडिओ येत नसेल तर एकदा सोडून परत ओढा, काही सेट तसा क्रम मागतात, नाहीच आला तर बहुधा हँडब्रेकची वायर सेटला जोडलेलीच नाहीये.

स्टेअरिंगवरच्या मोड बटणाने सोर्स बदलताना सातआठ वेळा दाबावं लागत असेल तर न वापरणारे सोर्स सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एएम ऐकत नाही, बंद. ऑक्स रिकामा, बंद. तीनचार सोर्स उरले की न बघता बोटाने मोजून बदलता येतं. रेडिओत टीए नावाचं काही चालू असेल तर तेही बंद करून बघा, ट्रॅफिकच्या बातमीसाठी तो चालू गाणं तोडून रेडिओ लावतो, आणि तुमच्याकडे अशी सेवा नसेल तर काही सेटमध्ये नुसता बीप वाजत राहतो.

गाडी बंद ठेवून पिक्चर बघायचा असेल तर अर्ध्यापाऊण तासावर ताणू नका, खास करून बॅटरी जुनी असेल आणि डिकीत अँप असेल तर. धडधाकट बॅटरी भरलेली असताना साडेबाराच्या थोडं वर व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली की सकाळी सेल्फ मारताना रडते.

तर आता क्रमाने एवढं करा, मोबाइलांचे मीडिया स्विच, मग सोर्स लेव्हल, मग रिअर झोन. पिक्चरचा आवाज एएसी करूनही आला नाही तर व्हीएलसीमधल्या कोडेकच्या खिडकीत ऑडिओच्या खाली जे लिहिलंय ते आणि सेटचं मॉडेल इथे टाका, मग बघू नक्की कुठे अडतंय ते.